प्लॅस्टिकवरचं क्रोम घासू नका: जुन्या मोटरसायकलच्या चकचकीत भागांची सफाई आणि दुरुस्ती

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी धुवायला काढली की सायलेन्सरला लावलेलं पॉलिश तसंच पुढे सरकत जातं. सायलेन्सर झाला, मडगार्ड झालं, हेडलाइटची रिंग झाली, आणि त्याच फडक्याने इंडिकेटरची वाटी. मडगार्ड लख्ख होतं. वाटीही आधी लख्ख होते, मग कडेला पिवळसर दिसते, मग तांबूस. घासणाऱ्याला वाटतं गंज राहिलाय, म्हणून तो आणखी जोर लावतो. पण प्लॅस्टिकला कुठला गंज? क्रोम आणि त्याखालचं निकेल घासून संपलं आणि खालचं तांबं उघडं पडलं, एवढंच झालेलं असतं. माझ्या यामाहा आरएक्सच्या उजव्या बाजूच्या इंडिकेटरवर मी स्वतः हे करून बसलोय, त्यामुळे पुढचं सगळं जरा कळवळून लिहिलंय असं समजा.

जुन्या गाडीवर दोन प्रकारचं क्रोम शेजारी-शेजारी असतं. मडगार्ड, सायलेन्सर, हँडल हे लोखंडावरचं. इंडिकेटरच्या वाट्या, मीटरचे कप, आरशांच्या पाठी, टाकीवरचे आणि साइड पॅनलवरचे बिल्ले हे बऱ्याच गाड्यांत प्लॅस्टिकवरचं. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात जपानी भागीदारीतून आलेल्या १०० सीसी गाड्यांवर असे भाग सर्रास दिसतात. काही मूळचे असतात, काही नंतर कुणीतरी बाजारातून आणून लावलेले. लोखंडावर चालणारे उपाय, म्हणजे ओली अॅल्युमिनियम फॉइल, ब्रासो, तारेची घासणी, रॉकेल, हे प्लॅस्टिकवर नेऊ नका.

१. आधी भाग कसला आहे ते ओळखा

नखाने टिचकी मारा. लोखंड 'टण्' करतं, प्लॅस्टिक 'टक्'. फ्रिजवरचं साधं चुंबक लावून बघा, प्लॅस्टिकला चिकटणार नाही. अॅल्युमिनियमलाही चिकटत नाही, म्हणून दोन्ही करा. भाग काढल्यावर वजनावरून कळतंच.

प्लॅस्टिक ठरलं तरी काम अर्धंच झालं. वरची चकाकी दोन रीतींनी आलेली असते आणि दोघींचा स्वभाव अगदी वेगळा.

पहिली रीत प्लेटिंगची. एबीएस प्लॅस्टिकवर रसायनांनी धातूचा पहिला थर बसवतात, मग विजेच्या टाकीत तांबं, त्यावर निकेल आणि शेवटी क्रोम. तांबं-निकेल मिळून काही दहा मायक्रॉन भरतात, पण क्रोम जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज करा.

दुसरी रीत व्हॅक्यूम मेटलायझिंगची. निर्वात पेटीत अॅल्युमिनियमची वाफ करून तिचा नावापुरता थर बसवतात आणि त्यावर पारदर्शक लॅकर मारतात. म्हणजे तुम्ही ज्याला हात लावता ते लॅकर असतं. ते फुटलं की आतलं अॅल्युमिनियम साध्या साबणाच्या पाण्यानेही जाऊ शकतं.

ओळखायला मल्टिमीटर पुरतो. तो बीपवर ठेवा आणि भागाच्या न दिसणाऱ्या कडेवर दोन्ही टोकं हलकेच टेकवा. बीप वाजला तर प्लेटिंग. नाही वाजला तर बहुतेक व्हॅक्यूमवालं, किंवा आधीच्या मालकाने मारलेला स्प्रे. पाठही बघा. प्लेटिंगचा भाग टाकीत बुडवलेला असल्याने बहुधा मागूनही चकाकतो. व्हॅक्यूमवाल्याची पाठ काळी किंवा पांढरी, कोरी असते.

*थांबा:* हेडलाइटच्या आतला आरसा व्हॅक्यूमवालाच असतो आणि त्यावरचा थर फार नाजूक असतो. त्याला कापडसुद्धा लावू नका. धूळ असेल तर हवेचा फुगा दाबून उडवा.

२. खराबी कुठली आहे ते वाचा

इथे दहा मिनिटं घालवा. उन्हात नको, खिडकीजवळ बसा आणि भाग फिरवत बघा.

पांढरट गोल डाग म्हणजे बोअरच्या पाण्यातला क्षार. तो निघतो. तपकिरी चिकट थर म्हणजे दोन-तीन दशकांचं ऑइल, धूर आणि जुनं मेण. तोही निघतो. स्क्रूच्या भोवतीचा लालसर ओघळ हा स्क्रूचा गंज, प्लॅस्टिकचा नाही. बराचसा निघतो.

हिरवट ठिपके मात्र वेगळे. क्रोमच्या सूक्ष्म भेगांतून ओल आत गेली आणि निकेल-तांबं खाल्लं गेलं, त्याचा तो रंग. वरची हिरवळ पुसता येते, खालचा खड्डा राहतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात वापरलेल्या गाड्यांवर हे हमखास सापडतं.

फोड आलेले असतील तर थर प्लॅस्टिकपासून सुटलाय. तापमानाबरोबर एबीएस धातूपेक्षा कितीतरी पट फुगतं-आकसतं. गाडी वर्षानुवर्षं उन्हात उभी राहिली की हा ओढाताणीचा खेळ शेवटी कडेवर किंवा स्क्रूच्या भोकाशी फुटतो. फोड दाबून पुन्हा चिकटत नाही.

व्हॅक्यूमवाल्या बिल्ल्यावर पिवळट झाक दिसते ती लॅकरची. लॅकर न काढता ती जात नाही, आणि लॅकरबरोबर चकाकीही जाते. मी तो पिवळेपणा राहू देतो. तीस-पस्तीस वर्षांच्या गाडीला तो शोभतो.

आता ठरवा: नुसती सफाई, थोडी मलमपट्टी, की नवी चकाकी. मूळ भाग ऐंशी टक्के चांगला असेल तर माझं मत सफाईच. एकदा नवं क्रोम चढवलं की मूळ परत येत नाही.

३. तयारी

लागणारं सामान घरातलंच आहे: प्लॅस्टिकचे दोन टब, भांडी घासायचा सौम्य लिक्विड साबण, चित्रकलेचा मऊ गोल ब्रश, कापसाच्या कानकाड्या, लाकडी टूथपिक, धुतलेलं जुनं बनियन आणि दोन कोरी मायक्रोफायबर फडकी. शेवटच्या धुण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर घ्या. बॅटरीत टाकायचं म्हणून ते गॅरेजवाल्याकडे मिळतं, पण बाटलीवरचं वाचा. शेजारच्याच बाटलीत अॅसिड असू शकतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे 'आयपीए' म्हणून मिळतं. हात धुवायचा सॅनिटायझर त्याच्या जागी चालत नाही, त्यातलं ग्लिसरीन मागे थर सोडतं.

फडकी कोरी हवीत. ज्या फडक्याने सायलेन्सर पुसला त्यात लोखंडाचा कीस अडकलेला असतो, तो इथे पॉलिश पेपरचं काम करतो.

घरात असूनही दूर ठेवायच्या गोष्टी:

- पेट्रोल, थिनर, अॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर. एबीएस यांनी विरघळतं, किंवा लगेच काही दिसत नाही आणि पंधरवड्याने स्क्रूपाशी बारीक तडे जातात.
- संडास साफ करायचं अॅसिड. त्यातलं हायड्रोक्लोरिक अॅसिड क्रोम थेट खातं.
- धुण्याचा सोडा, कॉस्टिक, ब्लीच. व्हॅक्यूमवालं अॅल्युमिनियम डोळ्यांदेखत नाहीसं होतं.
- टूथपेस्ट, रांगोळी, राख, लिंबू-मीठ. पितळेच्या समईला ठीक.

४. भाग गाडीवरून काढा

गाडीवरच पुसण्याचा मोह होतो, पण माती कडेच्या खाचेत असते आणि ती भाग काढल्याशिवाय निघत नाही. बॅटरीची वायर सोडवा, मोबाइलवर प्रत्येक जोडणीचे फोटो काढा, वायरीला कागदी टेप लावून लिहा. डावा-उजवा भाग सारखा दिसतो, पण पाण्याच्या निचऱ्याचं भोक खाली यावं लागतं, म्हणून तेही टिपून ठेवा.

जपानी गाड्यांच्या स्क्रूची फुली आपल्या नेहमीच्या फिलिप्सपेक्षा थोडी वेगळी असते. त्याला जेआयएस म्हणतात. फिलिप्स टोक त्यात नीट बसत नाही, निसटतं आणि डोकं गोल करून टाकतं. जेआयएस टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर मिळाला तर घ्याच. स्क्रू जाम असेल तर गंज सोडवायचं ऑइल ब्रशच्या टोकाने फक्त स्क्रूवर टेकवा, फवारू नका, आणि रात्रभर थांबा. जोर लावला की स्क्रू नाही, प्लॅस्टिकचा खांब तुटतो.

चिकटवलेला बिल्ला स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायचा नाही. हेअर ड्रायर कमी गरमवर, वीतभर लांबून, हाताला सोसेल इतपत फिरवा आणि मागून मासेमारीचा तंगूस करवतीसारखा ओढा. टाकीच्या रंगावर आधी टेप लावा. पण त्याआधी वाकून बिल्ल्याची कड नीट बघा, काही बिल्ले आतून क्लिपने किंवा स्क्रूने धरलेले असतात. तंगूस अडला म्हणजे तिथे क्लिप आहे.

*तपासा:* सुटलेल्या क्रोमची कड ब्लेडसारखी कापते. हातमोजे घाला.

५. धुणं

पाणी कोमट. बाळाच्या अंघोळीचं पाणी कोपराने बघतात तेवढंच. उकळतं पाणी ओतलं की धातू आणि प्लॅस्टिकची ती ओढाताण एका मिनिटात घडते.

अ) आधी भाग साध्या पाण्यात दहा मिनिटं नुसता बुडवून ठेवा. मातीचे कण स्वतःहून सुटू द्या. ही पायरी लोक सर्वांत जास्त गाळतात आणि बहुतेक ओरखडे त्यामुळेच पडतात.

आ) दुसऱ्या टबात लिटरभर पाण्याला दोन-तीन थेंब साबण. ब्रश एकाच दिशेने, वरून खाली. गोल-गोल घासू नका, गोल ओरखडे उन्हात जाळ्यासारखे चमकतात.

इ) अक्षरांच्या आणि कडांच्या खाचेतली माती टूथपिकच्या टोकाला ओला कापूस गुंडाळून काढा.

ई) नळाच्या पाण्याने खळबळवा आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटर. नळाचं पाणी वाळलं की परत तेच पांढरे डाग.

उ) फडकं टेकवून पाणी टिपा, ओढून पुसू नका. पंख्याखाली दोन तास ठेवा. स्क्रूच्या भोकात पाणी अडतं, भाग उलटा करा.

व्हॅक्यूमवाल्या भागाचं लॅकर तडकलेलं असेल तर बुडवायचं नाही. ओल्या कापसाने टिपून घ्या आणि सोडून द्या.

६. हट्टी डाग

एका वेळी एक डाग, आणि आधी मागच्या कडेवर चाचणी.

क्षाराच्या डागाला पांढरं व्हिनेगर एक भाग, पाणी चार भाग. कानकाडी ओली करून डागावर अर्धा मिनिट टेकवा, पुसा, लगेच भरपूर पाणी. राहिला तर पुन्हा तेच करा, वेळ वाढवू नका. हिरव्या ठिपक्यांवर आणि तडकलेल्या लॅकरवर व्हिनेगर नको. खालचा धातू उघडा असेल तर खड्डा वाढेल.

ऑइल, टेपचा गोंद, जुनं मेण यांना आयपीए. कापूस ओलसर हवा, ठिबकता नको. बिल्ल्यावर लाल-काळ्या रंगाची अक्षरं असतील तर रंगापासून लांब राहा. आयपीए तो रंग उचलतो, आणि मग बिल्ला कोरा.

हिरव्या ठिपक्याला कोरड्या टूथपिकने फक्त वरची हिरवळ खरवडा, आयपीएने पुसा, पूर्ण सुकू द्या. खड्डा दिसेल. तो बंद करायचं काम पुढच्या पायरीत.

पॉलिशबद्दल सगळे विचारतात. प्लेटिंगच्या भागावर, तोही धड असेल तर, गाडीच्या रंगाला लावतात ते घासणी नसलेलं ग्लेज एकदा चालतं. व्हॅक्यूमवाल्यावर अजिबात नाही. रबिंग कंपाउंड कुठल्याच भागावर नाही. धुतलेल्या भागावर फडकं करडं-काळं होऊ लागलं तर धातू निघतोय, तिथेच थांबा.

७. फोड, खड्डे आणि सुटलेली कड

सुटलेला पापुद्रा ओढू नका. तो केळीच्या सालीसारखा धड भागापर्यंत निघत जातो. नखं कापायच्या बारीक कात्रीने जिथपर्यंत सुटलाय तिथपर्यंतच कापा. मग कडेला १५०० नंबरचा वॉटर पेपर, पेन्सिलच्या मागे चिकटवून, ओलाच, अगदी हलका. भोवती टेप लावलेली असू द्या.

उघडी कड आणि खड्डे बंद करायला हळू सुकणारं दोन नळ्यांचं इपॉक्सी घ्या, टूथपिकच्या टोकाने, जेमतेम. एक दिवस हात लावू नका. क्षणात चिकटणारा गोंद इथे वापरू नये. त्याच्या वाफेने भोवतीच्या क्रोमवर पांढरी धुरकट कड येते. तुटलेला खांबही इपॉक्सीनेच, आतून.

बारीक जागेच्या चकाकीसाठी क्रोम शाईचे मार्कर मिळतात. पाच-सहा मिलिमीटरपर्यंतच्या ठिपक्याला आणि अक्षरांच्या उठावाला ते छान दिसतात. शाई एकाच दमात वाहू द्या, ब्रशने फिरवू नका. दोन-तीन दिवस बोट लावू नका, बोट लागलं की ती शिशासारखी करडी होते. त्यावर लॅकर मारलं तरी चमक मंदावते. म्हणून जिथे हात लागत नाही तिथेच हे करा.

८. नव्याने चकाकी चढवायची असेल तर

इथे पैसे जातात आणि भागही जातात. पहिली चूक म्हणजे भाग लोखंडी मडगार्डाबरोबर एकाच पिशवीत क्रोमवाल्याकडे देणं. तो आधी बफ मारतो. बफच्या चाकाखाली एबीएस काही सेकंदांत मऊ होतं. माझा एक मीटर कप असाच परत आला, चमचाभर वितळलेली कड आणि 'साहेब, हे प्लॅस्टिक होतं का?' हा प्रश्न.

रस्ते तीन.

*व्हॅक्यूम मेटलायझिंग.* ट्रॉफ्या आणि बाटल्यांची झाकणं चमकवणारे छोटे कारखाने हे काम करतात. बिल्ले आणि मीटरचे कप यांना हा मार्ग मला सर्वांत पटतो. एकेका नगासाठी ते पेटी लावत नाहीत, म्हणून आणखी दोघा-तिघांचे भाग गोळा करून न्या. 'हे एबीएस आहे, जुनं आहे' हे सांगा आणि भट्टीचं तापमान विचारा. साठ अंशांच्या आसपास असेल तर ठीक. ऐंशी-नव्वदच्या पुढे एबीएस वाकायला लागतं.

*स्प्रे क्रोम.* गुळगुळीत बेसवर चांदीच्या क्षाराचा फवारा आणि वर दोन भागांचं लॅकर. चमक आरशासारखी, पण मूळ क्रोमपेक्षा किंचित उबदार रंगाची. एक इंडिकेटर करून दुसरा जुना ठेवला तर फरक दिसतो. जोडी करा.

*पुन्हा प्लेटिंग.* प्लॅस्टिकची स्वतंत्र लाइन असलेल्या कारखान्यातच होतं, आणि एकदा उतरवलेला जुना भाग ते सहसा घेत नाहीत. क्रोम घरी उतरवायच्या फंदात पडू नका. कॉस्टिकच्या पाण्यात वीज सोडून क्रोम काढलं की षट्संयुजी क्रोमियम तयार होतं. ते कर्करोगकारक आहे, आणि ते पाणी मोरीत जातं.

हार्डवेअरच्या दुकानातला 'क्रोम स्प्रे' हा चौथा रस्ता मी मोजत नाही. तो स्टीलच्या डब्यासारखा दिसतो, आणि वर लॅकर मारलं की अॅल्युमिनियमच्या डब्यासारखा.

पहिले दोन रस्ते निवडले तर भाग तुम्हीच तयार करून द्या, कारण निकाल तिथेच ठरतो:

१) तडे, तुटके खांब आधी इपॉक्सीने दुरुस्त करा. नंतर केलं तर नवी चकाकी बिघडते.

२) सैल क्रोम सगळं काढा. धड, घट्ट असलेलं राहू द्या, फक्त त्याची कड ४०० नंबरने उतरती करा. डोळे मिटून बोट फिरवा. कड लागली तर चकाकीखाली ती नक्की दिसणार.

३) खड्ड्यांत बारीक पुट्टी, मग प्लॅस्टिकला चालणारा प्रायमर, मग ८०० आणि शेवटी १५००. सगळं ओलंच घासायचं, मास्क आणि हातमोजे घालून. निकेलची धूळ छातीला वाईट आणि अनेकांच्या कातडीला त्याची अॅलर्जी असते. घासलेला गाळ जुन्या वर्तमानपत्रावर टिपून घ्या, मोरीत सोडू नका.

४) स्क्रूची भोकं, काचेची बसायची कड आणि बल्बचं अर्थिंग (वीज परत जायची जोडणी) जिथे धातूला टेकतं ती जागा टेपने झाका. अर्थिंगच्या जागी लॅकर गेलं की सगळं जोडून झाल्यावर इंडिकेटर लागत नाही, आणि माणूस इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर बदलत बसतो.

*तपासा:* भाग देण्याआधी आणि परत घेतल्यावर काच बसवून बघा. पुट्टी-प्रायमरने अर्धा मिलिमीटर वाढला तरी काच बसत नाही.

९. परत बसवणं

नवं लॅकर असेल तर आठवडाभर थांबा. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू फिरवताना आधी उलटा फिरवा. एका जागी तो 'टक्' करून खाली बसतो, म्हणजे जुने आटे सापडले. तिथून सरळ पिळा. थेट पिळला तर तो नवे आटे पाडतो आणि खांब फुटतो. गंजके स्क्रू बदलून स्टेनलेस घ्या, जुना रबरी वॉशर कडक झाला असेल तर नवा घाला. पिळायचं ते मनगटाने नाही, दोन बोटांनी.

बल्ब कंपनीने सांगितलेल्या वॅटचाच. मोठा बल्ब वाटीच्या आतून उष्णता देतो आणि चकाकी बाहेरून फुगते. तो फोड पाहून लोक रंगवाल्याला शिव्या देतात.

पुढची देखभाल थोडी आहे. दोन-तीन महिन्यांनी घासणी नसलेल्या मेणाचा पातळ हात द्या, समुद्राजवळ राहत असाल तर दर महिन्याला, आणि त्याआधी गोड्या पाण्याने धुवा. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा बिल्ल्यावर मारू देऊ नका, तो कडेखाली पाणी घालतो. त्यांच्या फोमच्या बादलीत काय आहे ते विचारा, उत्तर मिळालं नाही तर घरी धुवा. गाडी ओली असताना प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका. पावसाळ्यात जुनी सुती चादर टाकून वळचणीला उभी केलेली गाडी कव्हरातल्या गाडीपेक्षा बरी राहते.